कायमचा पत्ता

तुमच्यातले बरेच जण हे दीडपट स्पीडवर ऐकतात, मला माहितीये. मी पण बाकीच्यांचे पॉडकास्ट तसेच ऐकतो. आज जमलं तर साध्या स्पीडवर ठेवा. आज जे सांगणार आहे त्यात फार काही घडत नाही. लाईट जाते, लाईट येते, मधल्या वेळात लोक बसून राहतात. एवढंच.

सुरुवात एका फॉर्मपासून करतो.

पुण्यात वाकडला मी आणि अजून दोन मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. एका रविवारी त्या दोघांनी ठरवलं की मतदार यादीतलं नाव इकडं आणायचं. त्यांचं म्हणणं असं, की इथला टॅक्स आपण भरतो, टँकर आपण मागवतो, इथल्या खड्ड्यात आपण पडतो, मग मत द्यायला गावाला का जायचं? मुद्दा बरोबर होता. मी पण मोबाईलवर फॉर्म 8 उघडला, पत्ता बदलायला तोच लागतो. सगळं भरलं. शेवटचं बटण दाबायचं राहिलं आणि आईचा फोन आला. तिचं नेहमीचं, जेवला का, कधी येणार. फोन ठेवून परत आलो तर सेशन संपलेलं. सगळं परत पहिल्यापासून.

त्याला आता आठ महिने झाले. तो फॉर्म मी तेव्हापासून चार वेळा उघडलाय आणि चार वेळा बंद केलाय. मित्र म्हणतात, पाच मिनिटांचं काम आहे रे. आहेच पाच मिनिटांचं.

तसा माझा पत्ता म्हणजे एक गंमतच आहे. गाव राजूर, तालुका अकोले. पिनकोड 422 नं सुरू होतो, म्हणजे नाशिककडचा. गाडीचा नंबर एमएच 17, म्हणजे पासिंग श्रीरामपूरचं. खासदार शिर्डीचा. जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटर लांब, आणि त्या जिल्ह्याचंही नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. म्हणजे फॉर्ममध्ये 'कायमचा पत्ता' असं लिहिलेलं असतं, त्यातला जिल्हासुद्धा कायम राहिला नाही. पुण्यात कुणाला राजूर सांगितलं तर विचारतात, गणपतीचं का? ते जालन्याचं हो. आमचं भंडारदऱ्याच्या अलीकडचं. मग म्हणतात, हां, तिथं पेढे घेतले होते आम्ही.

बस. आमच्या गावाची ओळख ही. पावसाळ्यात धबधबे बघायला, मेअखेरीला काजवे बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या राजूरवरून जातात. थांबतात, चहा घेतात, पेढे बांधून घेतात, पुढं जातात. आणि दुसऱ्या बाजूनं, डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवरून लोक राजूरला उतरतात. बाजाराला, दवाखान्याला, आदिवासी विकास प्रकल्पाच्या ऑफिसात, मुलाला वसतिगृहात सोडायला. त्यांचंही घर राजूरला नसतं. काम झालं की संध्याकाळच्या गाडीनं परत. सगळ्यांचं मधलं गाव. अशा मधल्या गावात आमची पिठाची गिरणी होती.

घराच्याच पुढच्या खोलीत. बाहेर ओटा, ओट्यावर पत्रा. आत दहा हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा आणि दगड. गिरणीचा आवाज एवढा की आमच्या घरात सगळे अजूनही मोठ्यानंच बोलतात. ऑफिसच्या कॉलवर मला दोनदा सांगितलंय, जरा हळू बोल. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या भुवया दुपारपासून पांढऱ्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं ते म्हातारे आहेत. संध्याकाळी तोंड धुतलं की परत तरुण.

मी शाळेत होतो तेव्हा महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. साधारण 2005 ते 2012 हा काळ. गावाकडच्या लोकांना आठवत असेल, लाईटचे दोन प्रकार होते. सिंगल फेज आली की घरातला बल्ब लागायचा, टीव्ही चालायचा. पण गिरणीला थ्री फेज लागते. त्यामुळं कित्येकदा बल्ब चालू आणि गिरणी बंद. शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही. त्यांच्याकडं लाईट एक तर असते, नाही तर नसते.

थ्री फेज गेली की दगड लगेच थांबायचा नाही. स्वतःच्याच वजनानं थोडा वेळ फिरायचा. आवाज बारीक बारीक होत जायचा. आणि मग एकदम शांत. ती शांतता मला शब्दांत सांगता येणार नाही. दिवसभर ज्या आवाजाखाली सगळं दबलेलं असतं ते एकेक वर यायचं. पत्र्यावरचा पाऊस. कुणाचं तरी खोकणं. समोरच्या घरातली भांडी. आई स्वयंपाकघरात स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची ते.

आता बघा, ओट्यावर सात-आठ जणी बसलेल्या. कुणी पाच-सहा किलोमीटरवरून चालत आलेली. दळण अर्धं झालेलं, अर्धे दाणे, अर्धं पीठ. अशा वेळी परत जाता येत नाही आणि काही करताही येत नाही. लाईट कधी येणार ते अण्णांना माहीत नाही, वायरमनला पण माहीत नाही. मग त्या बसायच्या. तास, दोन तास. कुणी पदर घेऊन आडवी व्हायची. कुणी दुसरीच्या धान्यातले खडे काढून द्यायची. हिरडा काय भावानं गेला, कुणाची पोर बाळंतपणाला आली, असल्या गप्पा. बऱ्याचदा तर गप्पाही नाहीत. आई कोरा चहा करायची, कारण एवढ्या जणींना पुरेल एवढं दूध कुठून आणणार? मी तिथंच कंदिलाजवळ गणितं करायचो. गणितं चुकायची, कारण कान तिकडं.

त्या बसण्याला नाव नाही. त्या आमच्याकडं पाहुण्या आलेल्या नव्हत्या. गिऱ्हाईक म्हणावं तर गिरणी बंद. तरी त्या वेळात आमचं घर जेवढं घर वाटायचं, तेवढं ते दिवाळीतही वाटलं नाही मला. दिवाळीत सगळ्यांना कामं असतात.

अजून एक सांगतो, हे गिरणीवाल्यांच्या घरचंच सिक्रेट आहे. दळण बदललं की पहिल्याचं थोडं पीठ दगडांमध्ये राहतं. त्यामुळं बायका भांडायच्या. 'माझे गहू नागलीवर टाकू नका, पोळ्या काळ्या होतात.' 'माझ्या बाजरीवर कुणाची मिरची दळली?' मग अण्णा मधे मूठ-दोन मुठी धान्य टाकून दगड साफ करायचे. ते मिसळलेलं पीठ बाजूच्या एका डब्यात जायचं. आमच्या घरात त्याला मधलं पीठ म्हणायचे. थोडे गहू, थोडी बाजरी, नागली, कधी ज्वारी, कधी तांदूळ. कुणाचंच नाही ते. आणि आम्ही तेच खायचो. मोठा होईपर्यंत मला माहीतच नव्हतं की भाकरी एकाच धान्याची असते. हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी भाकरी खाल्ली, बाजरीची होती, चांगली होती. मला काहीतरी कमी वाटत होतं. आता कळतं की त्यात बाकीचे लोक नव्हते.

बरं. पुण्यात माझं आयुष्य मस्त चाललंय, रडगाणं गायला बसलो नाहीये. पण एक गोष्ट लक्षात आली. माझं कामच मुळात मधला वेळ काढून टाकायचं आहे. बटण दाबल्यापासून स्क्रीन उघडेपर्यंत जे सेकंद जातात, ते कमी करायचे. मागच्या वर्षी आमच्या टीमनं एका पेजचा वेळ तीन सेकंदांवरून एकावर आणला, केक कापला. दूध दहा मिनिटांत दारात येतं. लिफ्टची वाट बघताना मी फोन काढतो, लिफ्ट येते, फोन आत जात नाही. पीठ पाकिटातून येतं. असे दिवसातले सगळे अर्धवट तुकडे मी भरून टाकलेत. संध्याकाळी आई विचारते, आज काय केलं, तर मला सांगायला काहीच नसतं. म्हणजे केलेलं खूप असतं.

एकच रिकामी जागा राहिली होती, गावाला जायचा रस्ता.

नाशिक फाट्यावरून एसटी पकडायची. मित्र म्हणतात कार काढ, साडेतीन-चार तासांत पोचशील. मी मुद्दाम एसटीनं जातो. (एक जाता जाता. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला धावली, ती पुणे ते नगर. आमच्या जिल्ह्यातच आली होती म्हणजे! आमच्या तालुक्यातली माणसं हे उगाच अभिमानानं सांगतात, जरी ती गाडी आमच्या बाजूला फिरकली नव्हती.) मंचर गेलं, नारायणगाव आलं की मी खिडकीला डोकं लावतो. नारायणगावला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. टोमॅटो तोडायला, द्राक्षांच्या कामाला, कांदा लावायला माणसं लागतात, आणि त्यातली कितीतरी आमच्या अकोले तालुक्यातली असतात. भात काढून झाला की पोरंबाळं घेऊन खाली उतरतात, पावसाआधी परत वर. वर्षाचे काही महिने इथं पालात, काही महिने घरी. परतीच्या गाडीत ते असतात. गोणी, भांडी, एखादी कोंबडी. तेही गावाला, मीही गावाला. फरक एवढाच की माझ्या बॅगेत लॅपटॉप आहे. हा फरक लहान नाहीये, मला कळतं. त्यांना फॉर्म 8 भरू की नको असा प्रश्न पडायला फुरसत नाही.

संगमनेरला गाडी बदलायची. स्टँडवर अर्धा तास, पाऊण तास, कधी दीड तास. हा माझा सगळ्यात आवडता वेळ आहे, हसू नका. पुण्याचं काही करता येत नाही, राजूरचं अजून सुरू झालेलं नाही. उसाचा रस प्यायचा. फलाट बघत बसायचं. मग अकोले, मग विठा घाट. घाट चढला की हवा बदलते, खिडकीतून ओल्या गवताचा वास येतो, आणि शेजारचा अनोळखी माणूस विचारतो, 'कोणाचा रं तू?' मी म्हणतो, गिरणीवाल्याचा. तो म्हणतो, 'आसं व्हय.' झालं. आधार कार्ड संपलं.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि मी घरी गेलो, ते वर्षभर तिथंच होतो. तुमच्यातल्या कित्येकांनी हे केलं असेल. मला वाटलं होतं, वा, आता घर. खरं सांगतो, त्या वर्षात मी घरी नव्हतोच. नेटवर्क फक्त वरच्या खोलीत, खिडकीच्या एका कोपऱ्यात. सकाळी दहाला तिथं बसायचो, रात्री आठला उठायचो. खाली गिरणी चालू, कारण पिठाची गिरणी अत्यावश्यक सेवेत. तिचा आवाज कॉलवर जायचा म्हणून मी दार लावून घ्यायचो. आई चहा घेऊन यायची, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून वाकून, भिंतीला धरून, कप ठेवून तशीच मागं जायची. स्वतःच्या घरात चोरासारखी. मी म्यूट करून थँक्यू म्हणायचो. आईला थँक्यू! एकदा गिरणी बंद पडली, थ्री फेज गेली, खाली तीच जुनी शांतता झाली. मला वाटलं, उठावं, ओट्यावर जाऊन बसावं. पण माझ्या लॅपटॉपला बॅटरी होती, मोबाईलला डेटा होता. माझं काहीच थांबलं नव्हतं. मी काम करत राहिलो.

त्या दिवसाचा राग मला अजून येतो. कुणाचा ते सांगता येत नाही.

आता परत फॉर्मकडं. चौथ्यांदा बंद केल्यावर मी म्हणलं, बघू तरी, कायदा काय म्हणतो. इंजिनिअरला डॉक्युमेंटेशन वाचायची खोड असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950. त्यात कलम 17 सांगतं की एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असता कामा नये. ठीक. मग नाव कुठं ठेवायचं? जिथं तो 'सामान्यतः रहिवासी' आहे तिथं. आणि त्याचा अर्थ काय, ते कलम 20 मध्ये. मला वाटलं होतं घर कुणाच्या नावावर, लाईट बिल कुणाच्या नावावर, असं काहीतरी असेल. तर कायदा म्हणतो, केवळ तिथं तुमच्या मालकीचं घर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि पुढं म्हणतो, तात्पुरते बाहेर गेलात म्हणून तुम्ही तिथले रहिवासी नाही, असंही होत नाही.

मी ते दोनदा वाचलं. घर असून पुरत नाही, आणि नसून तुटत नाही. तात्पुरतं म्हणजे किती, ते तिथं लिहिलेलं नाही. सहा महिने की सहा वर्षं? मी पुण्यात तात्पुरता आहे असं मीच सहा वर्षं सांगतोय. पलंग घेतला नाही, गादीवर झोपतो, कारण शिफ्ट करायला सोपं.

आमच्या ओट्यावर एक आजोबा यायचे. त्यांचं घर निळवंडे धरणाच्या पाण्यात गेलं. आमच्याकडं प्रवरेवर वर भंडारदरा, 1926 सालचं, इंग्रजांच्या काळातलं, आणि खाली निळवंडे. धरणांचं पाणी खालच्या तालुक्यांना जातं, ऊस होतो. असो, तो वेगळा विषय. आजोबा नव्या जागी राहायला गेले, नवं घर जुन्यापेक्षा मोठं होतं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते काठावर जायचे. अण्णांनी एकदा विचारलं, काय दिसतं? ते म्हणाले, 'दिसत काय नाय. चिखल. पर ओटा कुठं होता त्ये कळतं.'

तर आमची गिरणी आता बंद झाली. मी 'होती, होती' म्हणतोय ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. अण्णांचे गुडघे गेले, दगडाला टाकी लावायला बसणं होईना. आणि घरोघरी घरघंटी आली. वाड्यांवरही आली, बचत गटातून, योजनांतून. चांगलंच झालं की, डोक्यावर पाटी घेऊन बाईनं सहा किलोमीटर का चालावं? मागच्या डिसेंबरात अण्णांनी मोटर विकली. मला फोनवर सांगितलं, तेही शेवटी, हवापाण्याचं बोलून झाल्यावर. मी लगेच म्हणलं, मग आता या ना दोघं पुण्याला. टू बीएचके बघतो, लिफ्ट असलेला. अण्णा म्हणाले, 'बघू.'

हा 'बघू' तुम्हाला माहितीये. हो पण नाही, नाही पण नाही. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय 'बघू'मध्येच झालेत. माझं इंजिनिअरिंग पण.

जानेवारीत गेलो तेव्हा पहिल्यांदाच पुढच्या खोलीत आवाज नव्हता. मोटर होती तिथं जमिनीवर चार बोल्टची भोकं आणि तेलाचा काळा चौकोन. अण्णांच्या भुवया खरंच पांढऱ्या झाल्यात, तोंड धुऊन पण. आईनं भाकरी केली. आईलाही नातेवाइकांकडून एक घरघंटी मिळालीय. तिनं गहू, बाजरी, नागली स्वतःच मोजून मिसळली होती, मला आवडतं म्हणून. अण्णांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, 'जमलं नाय.' आई म्हणाली, 'त्याला शंभर घरचं धान्य लागतं, मी कुठून आणू?' आम्ही तिघंही मग हसलो. मोठ्यानं, सवयीनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मावशी आली. वरच्या वाडीची, माझ्या लहानपणापासून येणारी. हातात डबा, डब्यात नागली. गिरणी बंद झाल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आतली रिकामी जागा तिनं बघितली. अण्णा ओशाळून म्हणाले, 'मावशे, विकली गं मोटर. बाजारात दुसरी गिरणी हाय, तिकडं जा.' ती म्हणाली, जाते. आणि ओट्यावर बसली. डबा शेजारी ठेवला, पाय लांब केले.

मी आतून लॅपटॉपवर होतो, एक मीटिंग चालू होती. आईनं विचारलं, चहा टाकू का? मावशी म्हणाली, 'टाक की. गाडीला टाईम हाय.' मी माझा कॅमेरा बंद केला. मग मीटिंग पण बंद केली. बाहेर जाऊन बसलो. मावशीनं माझ्याकडं बघितलं, म्हणाली, 'कवा आला?' म्हणलं, परवा. 'जाणार कवा?' म्हणलं, बघू.

त्यानंतर अर्धा तास कुणी काही बोललं नाही. नंतर तिची गाडी आली.

तर मित्र अजून विचारतात, फॉर्म भरला का. नाही भरला. पुढच्या महिन्यात अण्णा-आई आठ दिवसांसाठी वाकडला येतायत, डॉक्टरला गुडघे दाखवायचेत. आईनं फोनवर विचारलंय, तुमच्या तिथं बाहेर बसायला कुठं आहे का. मी बाल्कनीचं माप घेतलंय. चार फूट बाय आठ. वॉशिंग मशिन हलवली तर दोघं बसतील, तिसरा दारात. चला, भेटू पुढच्या भागात. येतो.